मोबाईलची दरवाढ आणि मुदतीपूर्वीं कंपनी सोडणें

सालदार ठेवण्याची रीत आमच्या वऱ्हाडांतील प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. गुढीपाडव्यास साल ठरतें. रोख किती, धान्य किती, कपडालत्ता काय, हें चार माणसांसमक्ष बोललें जातें. आणि तेथून पुढील पाडव्यापर्यंत दोन्ही पक्ष त्या शब्दानें बांधलेले राहतात. मध्येंच रोजमजुरी चढली म्हणून सालदारानें ज्येष्ठांत औत सोडणें जसें गैर, तसेंच मध्येंच कापसाचा भाव पडला म्हणून मालकानें ठरलेलें धान्य तोडणेंही गैर. साल भरल्यावर मात्र दोघेही मोकळे. पटलें तर नवें साल, न पटलें तर रामराम. आज आम्ही ज्या विषयावर चार शब्द लिहीत आहों तो नांगर-वखराचा नव्हे, तर प्रत्येकाच्या खिशांतील मोबाईलचा आहे. परंतु त्यांतील सारें मर्म ह्या सालाच्या रीतींतच आहे, आणि तें वेळीं न ओळखल्यामुळें आम्हीं स्वतः जें नुकसान सोसलें तें आमच्या वाचकांनीं सोसूं नये, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे.

दरवाढ कशी झाली

सन २०२४ च्या जून महिन्याची अखेर होती. आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत पेरण्या आटोपून डवरणीची गडबड सुरू झाली होती. त्या महिन्याच्या २७ तारखेस जिओ कंपनीनें आपले दर वाढविल्याचें जाहीर केलें, आणि पाठोपाठ एअरटेल व व्होडाफोन आयडिया ह्या कंपन्यांनींही तीच वाट धरली. जिओ व एअरटेल ह्यांचे नवे दर ३ जुलैपासून, आणि व्होडाफोन आयडियाचे ४ जुलैपासून अमलांत आले. जिओचा दररोज दीड जीबी इंटरनेट देणारा २८ दिवसांचा पॅक २३९ रुपयांचा होता, तो २९९ रुपयांचा झाला. म्हणजे रुपयामागें चार आणे वाढ. अगदीं साधा, केवळ फोन चालू ठेवण्यापुरता २८ दिवसांचा पॅक जिओकडे १५५ वरून १८९ वर, आणि एअरटेल व व्होडाफोन आयडिया ह्यांजकडे १७९ वरून १९९ वर गेला. जिओ व एअरटेल ह्या दोघांचाही वर्षाचा मोठा पॅक २,९९९ रुपयांस मिळत असे, त्यास ३,५९९ रुपये पडूं लागले.

ही पहिलीच दरवाढ नव्हे. सन २०१९ च्या डिसेंबरांत एकदां, व सन २०२१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरांत पुन्हां एकदां, अशाच रीतीनें दर चढले होते. येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. दूरसंचार नियामक प्राधिकरण, ज्यास सामान्यतः ट्राय म्हणतात, तें मोबाईलचे हे दर स्वतः ठरवीत नाहीं. दर ठरविण्याची मोकळीक कंपन्यांस आहे. ठरविलेले दर प्राधिकरणास कळवावे लागतात. तेव्हां दर वाढले म्हणून तेवढ्याच कारणावरून कोणास दाद मागतां येईल, ही आशा व्यर्थ होय. शेतकऱ्याच्या हातीं जो खरा उपाय आहे तो सोडून जाण्याचा. आणि तो उपाय केव्हां व कसा योजावा, हाच ह्या लेखाचा विषय आहे.

अठ्ठावीस दिवसांचा महिना

आधीं हिशेब पाहूं. मोबाईल कंपन्यांचा महिना हा चैत्र-वैशाखाचा नव्हे आणि जानेवारी-फेब्रुवारीचाही नव्हे. तो २८ दिवसांचा असतो. असे तेरा महिने झाले म्हणजे ३६४ दिवस होतात. म्हणून वर्षांत बारा नव्हे, तेरा वेळां पैसे भरावे लागतात. ज्या घरीं दोन माणसांचे २९९ रुपयांचे पॅक आहेत, आणि विहिरीवरील मोटर दुरून चालूबंद करण्यासाठीं मोबाईल स्टार्टरमध्यें घातलेलें तिसरें सिम १८९ रुपयांवर चालतें, त्या घराची वाढ किती झाली? दोन फोनांची प्रत्येकीं ६० रुपये, तेरा वेळां, म्हणजे १,५६० रुपये. स्टार्टरच्या सिमची ३४ रुपये, तेरा वेळां, म्हणजे ४४२ रुपये. एकूण २,००२ रुपये. त्या वर्षीं डीएपीची गोणी १,३५० रुपयांस मिळत होती. म्हणजे जवळजवळ दीड गोणी खत केवळ दरवाढीनें नेलें.

पुष्कळ ग्राहकांनीं २८ दिवसांच्या ह्या महिन्याविषयीं तक्रारी केल्या, तेव्हां सन २०२२ च्या जानेवारींत प्राधिकरणानें असा हुकूम काढला कीं प्रत्येक कंपनीनें निदान एक पॅक ३० दिवसांचा, व एक पॅक दर महिन्यास त्याच तारखेस नवा करतां येईल असा ठेवलाच पाहिजे. हे पॅक असतात, परंतु ते मागणाऱ्यासच सांपडतात. तसेंच मोठ्या मुदतीचा पॅक दिवसाच्या हिशेबानें बहुधा स्वस्त पडतो. जुलै २०२४ मध्यें जिओचा दीड जीबीचा २८ दिवसांचा पॅक २९९ रुपयांचा, म्हणजे दिवसास सुमारें १० रुपये ६८ पैसे पडे. तोच ८४ दिवसांचा ७९९ रुपयांचा, म्हणजे दिवसास सुमारें ९ रुपये ५१ पैसे. फरक दिवसास सव्वा रुपयाहून कमी दिसतो, पण वर्षांत तो चारशें रुपयांच्या वर जातो. सोयाबीन विकून हातांत पैसा आला असतां मोठ्या मुदतीचा पॅक घेणें म्हणूनच शहाणपणाचें आहे. परंतु मोठी मुदत घेतली म्हणजे मोठें बंधनही आलें, हें विसरूं नये. आम्ही तेंच विसरलों.

आमची चूक

सन २०२४ च्या अक्षय्यतृतीयेस, म्हणजे १० मे रोजीं, आम्हीं आमच्या फोनावर २,९९९ रुपयांचा वर्षाचा पॅक भरला होता. पुढें जुलैंत दर वाढले. गांवोगांवीं एकच चर्चा होती. पारावर, बाजारांत, बसस्टँडवर जो तो कंपनी सोडण्याची भाषा बोलत होता. आम्हांसही संताप आला. पोळ्याच्या आधीं, १७ ऑगस्टच्या सुमारास, आम्ही मेहकरास मोबाईलच्या एका दुकानांत गेलों आणि आमचा नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेण्यास सांगितलें. दुकानांतील मुलगा शहाणा होता. तो म्हणाला, “काका, तुमचा वर्षाचा पॅक आहे. पुढल्या अक्षय्यतृतीयेपर्यंत तुम्हांला वाढीव दर लागतच नाहीं. मग आजच कां सोडतां?” आम्हीं त्यास उत्तर दिलें, “प्रश्न पैशाचा नाहीं, बाबा; तत्त्वाचा आहे.”

तत्त्वाची किंमत पुढीलप्रमाणें झाली. ३६५ दिवसांपैकीं ९९ दिवस आम्हीं वापरले होते; २६६ दिवस शिल्लक होते. दिवसास सुमारें ८ रुपये २२ पैसे ह्या दरानें सुमारें २,१८५ रुपयांची सेवा आमच्या पदरीं होती. नंबर दुसरीकडे गेला कीं जुन्या पॅकचे उरलेले दिवस व शिल्लक सारी बुडते. तें पैसे परत मिळत नाहींत, आणि नव्या कंपनीकडेही तें वळतें होत नाहींत. म्हणजे ज्या दरवाढीचा एक पैसाही आम्हांस पुढील मे महिन्यापर्यंत लागणार नव्हता, तिच्या रागानें आम्हीं दोन हजारांवर रुपये स्वतःच्या हातानें टाकून दिले, व नव्या ठिकाणीं नवा पॅकही भरला.

एवढ्यावर भागलें नाहीं. नवी कंपनी मेहकरच्या बाजारपेठेंत उत्तम चाले; आमच्या शिवारांत तिची रेंज नाल्याच्या अलीकडे संपे. भाद्रपदांत एका रात्रीं जोराचा पाऊस होऊन नाल्याकांठच्या सोयाबीनमध्यें पाणी शिरलें. त्या वर्षींच्या पीकविम्यांत अशा नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आंत द्यावी लागे, आणि फोटो तर शेतांत उभें राहूनच काढून पाठवावयाचे. बांधावरून बांधावर हिंडूनही तें साधेना. शेवटीं शेजारच्या शेतकरी बंधूच्या फोनावरून सूचना दिली. त्याचा नंबर ज्या कंपनीचा होता तिलाच आम्ही तत्त्वासाठीं सोडून आलों होतों. परत जावें म्हटलें तर नंबर एकदां हालविला कीं ९० दिवस तेथेंच राहावें लागतें. कार्तिकी पौर्णिमा उलटेपर्यंत आम्ही त्या बंधनांत राहिलों. आतां ह्यांत दोष कोणाचा? नव्या कंपनीनें आम्हांस बोलाविलें नव्हतें, आणि जुन्या कंपनीनें आमच्याशीं ठरलेल्या मुदतींत एक रुपयाही अधिक मागितला नव्हता. दोष आमच्या घाईचा होता.

मुदत म्हणजे काय

मोबाईलचा करार तीन प्रकारचा असतो, आणि प्रत्येकाची मुदत निराळी.

पहिला प्रकार आगाऊ पैसे भरण्याचा, ज्यास प्रीपेड म्हणतात. आमच्या खेड्यांतील बहुतेक फोन ह्याच प्रकारचे. येथें करार पॅकच्या मुदतीपुरता असतो. मुदत चालू असतां दर वाढले तरी ती वाढ आपणांस लागत नाहीं. मुदत संपली कीं कंपनी नवा दर सांगावयास मोकळी आणि आपण निघून जावयास मोकळे. सोडून जाण्याचा दंड नाहीं. पण मुदतीपूर्वीं गेल्यास उरलेले दिवस बुडतात, हाच काय तो दंड. जुलै २०२४ मध्यें कित्येक धोरणी ग्राहकांनीं नवे दर लागण्यापूर्वींच जुन्या दरानें पुढचे पॅक भरून ते रांगेस लावून ठेवले. रागावणाऱ्यांपेक्षां त्यांचा लाभ अधिक झाला.

दुसरा प्रकार वापरून मग बिल भरण्याचा, म्हणजे पोस्टपेड. येथें प्राधिकरणाचें एक संरक्षण आहे, तें पुष्कळांस ठाऊक नसतें. ग्राहकानें एखादा प्लॅन स्वीकारला कीं त्या दिवसापासून सहा महिनेपर्यंत कंपनीस त्यांतील दर वाढवितां येत नाहीं. ग्राहकास मात्र त्या सहा महिन्यांतही दुसरा प्लॅन घेण्याची मोकळीक असते. आणि सहा महिन्यांहून अधिक मुदतीचा म्हणून एकरकमी पैसे घेऊन दिलेला प्लॅन त्या सबंध मुदतीपर्यंत पाळावा लागतो, असें सन २००६ च्या आदेशानें ठरलेलें आहे. ह्यासाठीं प्लॅन कोणत्या तारखेस घेतला तें लिहून ठेवावें. त्या तारखेवांचून ह्या संरक्षणाचा उपयोग नाहीं.

तिसरा प्रकार हातसंचाशीं बांधलेल्या कराराचा. सन २००३ च्या पावसाळ्यांत रिलायन्स इन्फोकॉम कंपनीनें ५०१ रुपये भरून हातसंच देण्याची योजना काढली, तेव्हां अशा कराराची ओळख पुष्कळांस प्रथमच झाली. हातसंच हातीं स्वस्त आला, पण मासिक देणें मागें लागलें, आणि अनेकांची थकबाकी झाली. सन २०१७ मध्यें जिओफोन निघाला, तो १,५०० रुपये अनामत घेऊन. ती ३६ महिन्यांनंतर परत मिळावयाची, परंतु दर वर्षीं निदान १,५०० रुपयांचा रीचार्ज करण्याची अट होती. आज दुकानांत हप्त्यानें मिळणारे हातसंच बहुधा वित्तसंस्थेच्या कर्जावर असतात. तेथें सिम बदललें तरी हप्ता सुटत नाहीं. कर्ज तें कर्जच. ज्या करारांत मुदतीपूर्वीं सोडल्यास अमुक रक्कम भरावी असें लिहिलें असेल, तो करार सही करण्यापूर्वीं वाचावा. सन १८७२ च्या करार कायद्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणें अशी लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा होय; न्यायालय तिच्या आंत वाजवी तेवढीच भरपाई देववितें. तरीही कोर्टाची पायरी चढण्यापेक्षां चार ओळी वाचणें स्वस्त पडतें.

नंबर सोडूं नये, नेऊन न्यावा

दरवाढीनंतर कित्येकांनीं जुनें सिम टाकून दुसऱ्या कंपनीचें नवें सिम, नव्या नंबरासह घेतलें. हें सर्वांत मोठें नुकसान होय. आज शेतकऱ्याचा नंबर त्याच्या सातबाऱ्याइतकाच कामाचा झाला आहे. आधारास तोच जोडलेला, बँकेंत तोच नोंदलेला, पीएम किसानची ई-केवायसी ज्या ओटीपीनें होते तो त्याच नंबरावर येणार. महाडीबीटीवरील अर्ज, ई-पीक पाहणी, सारें त्यावर. नंबर टाकला म्हणजे हीं सर्व दारें पुन्हां एकेक करून ठोठवावीं लागतात. शिवाय बंद पडलेला नंबर कांहीं काळानें दुसऱ्या कोणास दिला जातो, आणि आपले बँकेचे निरोप परक्याच्या हातीं जाण्याचा धोका राहतो.

आपला नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याचा हक्क आपल्या देशांत सन २०१० च्या नोव्हेंबरांत हरयाणांत प्रथम सुरू झाला, व २० जानेवारी २०११ पासून सर्व देशांत लागू झाला. सन २०१५ च्या जुलैपासून एका परिमंडळांतून दुसऱ्यांतही नंबर नेतां येतो. ह्यालाच व्यवहारांत पोर्ट करणें म्हणतात. त्याची रीत अशी:

ज्या नंबरास हालवावयाचें त्याच फोनावरून १९०० ह्या क्रमांकास एक संदेश पाठवावा. त्यांत इंग्रजी लिपींत पोर्ट हा शब्द, मग एक जागा सोडून आपला दहा आंकडी नंबर लिहावा. उत्तरांत आठ अक्षरांचा एक संकेत येतो. महाराष्ट्रांत तो चार दिवस चालतो. ह्या मुदतींत आधार वगैरे ओळखपत्र घेऊन नव्या कंपनीच्या दुकानीं जावें व तो संकेत द्यावा. नव्या सिमवर तीन कामाच्या दिवसांत नंबर सुरू होतो. मुंबईचा नंबर आमच्याकडे आणावयाचा असेल, अथवा परराज्यांतील असेल, तर पांच दिवस लागतात, कारण बुलढाणा जिल्हा महाराष्ट्र व गोवा ह्या परिमंडळांत मोडतो आणि मुंबई शहराचें परिमंडळ निराळें आहे. नवें सिम सुरू होईपर्यंत जुनें काढूं नये. विचार बदलला तर अर्ज दिल्यापासून २४ तासांच्या आंत त्याच १९०० क्रमांकावर रद्द करण्याचा संदेश पाठवितां येतो.

संकेत केव्हां मिळत नाहीं तेंही सांगतों. नंबर त्या कंपनीकडे येऊन ९० दिवस झाले नसतील. पोस्टपेडचें निघालेलें बिल थकलें असेल. नंबर एकाच्या नांवावरून दुसऱ्याच्या नांवावर करण्याचा अर्ज चालू असेल. करारांतील बाहेर पडण्याच्या अटी पुऱ्या झाल्या नसतील. अथवा सिम हरवून दुसरें घेतल्यास सात दिवस उलटले नसतील, तर संकेत मिळत नाहीं. ही सात दिवसांची अट १ जुलै २०२४ पासून, फसवणूक थांबविण्यासाठीं घातली आहे. म्हणूनच तो संकेत फोनावर कोणी मागितला तर देऊं नये; संकेत देणें म्हणजे नंबराची किल्ली देणें होय. दुकानांत अंगठा वा चेहरा एकदांच टिपला गेला ना, हेंही पाहावें. आणि आपल्या नांवावर किती सिम निघालीं आहेत तें सरकारच्या संचार साथी ह्या संकेतस्थळावर तपासून घ्यावें.

शिवाराची परीक्षा

कंपनी निवडतांना दुकानांतील दराचें पत्रक पाहून भागत नाहीं. आपल्या शिवारांत उभें राहून पाहावें लागतें. आमच्या जिल्ह्यांत घाटावरचा मुलूख निराळा, घाटाखालचा निराळा. खामगांव-मलकापुराच्या सपाटीवर जी कंपनी चांगली चालते, तीच जळगांव जामोद किंवा संग्रामपूर तालुक्याच्या सातपुड्याकडील गांवांत चालेलच असें नाहीं. ज्या शेजाऱ्याकडे त्या कंपनीचा फोन असेल त्यास विहिरीपर्यंत घेऊन जावें, घरांत, गोठ्यांत, बांधावर बोलून पाहावें, आणि मगच ठरवावें. बीएसएनएलनें जुलै २०२४ मध्यें दर वाढविले नव्हते. म्हणून त्या एका महिन्यांत तिचे ग्राहक सुमारें २९ लाखांनीं वाढले, आणि एअरटेलचे सुमारें १७ लाखांनीं, व्होडाफोन आयडियाचे सुमारें १४ लाखांनीं व जिओचे सुमारें साडेसात लाखांनीं घटले. पुढें नोव्हेंबरांत मात्र बीएसएनएलचीही ग्राहकसंख्या घटली. त्या वेळीं तिचें फोर-जीचें जाळें पुरें व्हावयाचें होतें. तिच्या स्वदेशी फोर-जी जाळ्याचें उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ रोजीं झालें. स्वस्त दर व चांगली रेंज हीं दोन्ही एकाच ठिकाणीं सांपडलीं तर उत्तमच. न सांपडल्यास शेतांत काय लागतें त्यास आधीं मान द्यावा.

विहिरीवरील मोबाईल स्टार्टरविषयीं निराळी सूचना आवश्यक आहे. जुने पुष्कळ स्टार्टर केवळ टू-जी जाळ्यावर चालणारे आहेत. जिओचें जाळें सन २०१६ मध्यें फोर-जीपासूनच सुरू झालें. तिच्याकडे टू-जी नाहीं. अशा स्टार्टरचें सिम तिकडे नेल्यास मोटर मुकी होते, आणि रब्बींत रात्रीची वीज असतां गव्हास पाणी देण्यासाठीं पुन्हां थंडींत विहिरीवर जावें लागतें. स्टार्टरवरील पत्रक पाहूनच त्याचें सिम हालवावें.

सोडण्याहून सोपा उपाय

प्रत्येक वेळीं सोडूनच गेलें पाहिजे असें नाहीं. ज्यांस केवळ बोलण्यापुरता फोन हवा, त्यांच्या माथीं इंटरनेट मारूं नये म्हणून प्राधिकरणानें २३ डिसेंबर २०२४ रोजीं नियम केला, कीं प्रत्येक कंपनीनें निदान एक पॅक केवळ बोलणें व संदेश ह्यांचा ठेवावा. आणि अशा खास पॅकांची मुदत पूर्वीं ९० दिवसांपर्यंतच असे, ती ३६५ दिवसांपर्यंत वाढविण्याची मोकळीक दिली. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्यें एअरटेलनें ८४ दिवसांचा ४६९ रुपयांस व जिओनें ८४ दिवसांचा ४४८ रुपयांस असे पॅक काढले. घरांतील वडील माणसांच्या साध्या फोनास, किंवा स्टार्टरच्या सिमास, असा पॅक पुरतो. घरांतील प्रत्येक सिम कशासाठीं आहे तें एकदां लिहून काढावें. ज्याचें काम बोलण्याचें त्यास बोलण्याचाच पॅक द्यावा. ज्यास दाणा लागत नाहीं त्यास सरकी कशाला?

तक्रार कोठें करावी

दरवाढ ही तक्रार नव्हे. परंतु मुदत चालू असतां अधिक पैसे कापणें, संकेत विनाकारण नाकारणें, अथवा नंबर नेल्यावरही जुनें बिल पाठवीत राहणें ही तक्रार होय. प्रथम कंपनीच्या १९८ ह्या विनाशुल्क क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्यावा. निकाल न पटल्यास ३० दिवसांच्या आंत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जावें. तेथेंही दाद न लागल्यास बुलढाणा येथील जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोबाईलच्या तक्रारी ग्राहक न्यायालयांत चालत नाहींत, असें पूर्वीं कंपन्या सन २००९ च्या एका निकालाच्या आधारें म्हणत. सन २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यांत दूरसंचार सेवेचा स्पष्ट उल्लेख आला, आणि १६ फेब्रुवारी २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजयकुमार अगरवाल ह्या खटल्यांत, ग्राहक आयोगास असा अधिकार आहे, हें निःसंशय ठरविलें. दिलेली किंमत पांच लाख रुपयांपर्यंत असल्यास तेथें फी लागत नाहीं. पावत्या, संदेश व तारखा जपून ठेवणाऱ्याचीच बाजू तेथें उभी राहते.

पाडव्याची वाट पाहावी

एके काळीं आमच्या भागांत सहा-सात कंपन्यांचीं सिमें विकलीं जात. सन २०१८ मध्यें एअरसेल बुडाली, त्याच वर्षीं व्होडाफोन व आयडिया एक झाल्या, सन २०१९ मध्यें टाटा डोकोमो एअरटेलमध्यें विलीन झाली. आज मोठीं दुकानें चारच उरलीं आहेत. जेथें व्यापारी थोडे तेथें भाव त्यांच्या हातीं जातो, हें बाजार समितीच्या आवारांत उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. अशा स्थितींत सोडून जाण्याचा हक्क हेंच आमचें एकमेव वजन आहे. आणि वजन हें कांट्यावर योग्य वेळीं टाकलें तरच मोजलें जातें. जुलै २०२४ मध्यें लाखों लोकांनीं तें टाकलें, हें चांगलेंच झालें. परंतु त्यांतील जे आमच्यासारखे चालू मुदत टाकून गेले, त्यांनीं कंपनीचें नुकसान केलें नाहीं. त्यांचे पैसे तर कंपनीपाशींच राहिले.

म्हणून आमची वाचकांस हात जोडून विनंती आहे. घरांतील प्रत्येक सिमची मुदत कोणत्या तारखेस संपते तें दिनदर्शिकेवर, जेथें दुधाचा हिशेब लिहितों तेथेंच, लिहून ठेवावें. दर वाढल्याची बातमी आली तर त्या दिवशीं कांहींच करूं नये. शिल्लक दिवस मोजावे. मुदत संपण्यास आठ-दहा दिवस उरले म्हणजे नव्या कंपनीची रेंज शिवारांत पाहावी, चार-पांच दिवस उरले म्हणजे १९०० वर संदेश पाठवावा, आणि मुदत संपतां संपतां नंबर घेऊन निघावें. राहावयाचें ठरलें तर दर पुन्हां वाढण्यापूर्वीं मोठी मुदत भरून ठेवावी. आम्ही सालदाराचें साल मोडीत नाहीं, आणि साल भरल्यावर त्यास अडवूनही ठेवीत नाहीं. कंपनीशीं वागतांना हाच न्याय दोन्ही बाजूंनीं लावावा. येत्या अक्षय्यतृतीयेस आमच्या फोनाची मुदत पुन्हां संपते आहे. ह्या वेळीं आम्ही मेहकरच्या त्याच दुकानांत जाणार आहों. पण तत्त्व घरीं ठेवून, आणि तारीख लिहिलेला कागद खिशांत घेऊन.